जाहिरातीपासून अधिसूचनेपर्यंत : बाल कल्याण समितीवरील नेमणुकांचा एक अनुभव

बाल कल्याण समितीचे नाव अनेकांनी ऐकलेले असते. तिच्या हातात किती अधिकार असतात, हे मात्र तिच्यासमोर उभे राहण्याची वेळ ज्यांच्यावर आली आहे त्यांनाच नेमके ठाऊक असते. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार जिल्ह्यात किमान एक समिती असावी लागते. तिच्यात अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत किमान एक महिला असणे बंधनकारक असते, आणि ही पाच माणसे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असलेले पीठ म्हणून काम करतात. हरवलेले, टाकून दिलेले, मारहाण झालेले, कामाला जुंपलेले किंवा बालविवाहातून सोडवून आणलेले मूल चोवीस तासांच्या आत त्यांच्यापुढे हजर करावे लागते, आणि ते मूल घरी परतेल, बालगृहात राहील की दत्तक देण्यास मोकळे ठरेल, याचा निर्णय तेथेच होतो. मी वकिली करते. या समितीपुढे पालकांच्या आणि मुलांच्या बाजूने अनेक वर्षे उभी राहत आले आहे, आणि त्यातूनच एक प्रश्न मनात घर करून बसला, की समोर येणारी बहुतेक मुले ज्या तांड्यांवरून, पालांवरून आणि वस्त्यांमधून येतात, तिथली माणसे या खुर्च्यांवर जवळजवळ कधीच का दिसत नाहीत?

खुर्च्यांवर जे बसत त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी राहणारे वकील, निवृत्त अधिकारी, महाविद्यालयातील प्राध्यापक, शहरातील संस्थांचे पदाधिकारी असे ते लोक होते आणि त्यांतील अनेकांनी निष्ठेने काम केलेले मी पाहिले आहे. परंतु पाचही जण एकाच शहरातून, साधारण सारख्याच घरांतून आणि सारख्याच व्यवसायांतून आले, तर पाच जणांना मिळून दिसते तेही एकालाच दिसावे इतकेच असते. सामाजिक तपासणी अहवालात ‘पालक बेजबाबदार, मूल वर्षातील अनेक महिने शाळाबाह्य’ असे लिहिलेले असले, की ते वाक्य कोणालाही खटकत नसे, कारण ते खटकण्यासाठी लागणारी माहिती त्या खोलीत कोणाजवळच नसे.

आम्ही काही जण एकत्र आलो ते या कारणाने. त्यात ग्रामीण भागात काम करणाऱ्या संस्थांचे कार्यकर्ते होते, काही शाळांच्या गटावर देखरेख करणारे एक निवृत्त केंद्रप्रमुख होते, दिव्यांगांच्या हक्कांसाठी काम करणारे एक सहकारी होते आणि मी होते. पहिल्याच बैठकीत एक गोष्ट आम्ही पक्की केली. मंत्र्यांना किंवा अधिकाऱ्यांना भेटून नावे सुचवायची नाहीत. शिफारशीने नेमणूक होणे हाच ज्या व्यवस्थेचा जुना आजार आहे, तिथे आपण आणखी एक शिफारस घेऊन जाणे योग्य नव्हते. कायद्याखालील नियमांनी निवडीसाठी स्वतंत्र निवड समिती ठरवून दिली आहे, तिचे अध्यक्षपद उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्तींकडे असते आणि ती आलेल्या अर्जांमधूनच निवड करते. तेव्हा आजवर ज्यांचे अर्ज तिथपर्यंत पोहोचलेच नाहीत त्यांचे अर्ज पोहोचतील, एवढेच काम आम्ही अंगावर घेतले.

ते काम किती मोठे आहे, हे जाहिरात निघाल्यावर कळले. जाहिरात निघाली होती, नियमानुसारच निघाली होती, परंतु ती वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर निविदांच्या शेजारी आणि शासनाच्या संकेतस्थळावर अनेक परिपत्रकांच्या यादीत होती. जो माणूस अशा जाहिरातींच्या मागावर असतो त्याला ती सापडते. ज्याला अशी पदे असतात हेच माहीत नाही, त्याला ती सापडण्याचा मार्ग नव्हता. आम्ही तिचा मजकूर साध्या मराठीत एका पानावर उतरवला. समिती काय करते, पात्रता काय, कागद कोणते आणि अर्ज कुठे द्यायचा, एवढेच त्यात लिहिले. ते पान आशा कार्यकर्त्यांच्या, बचत गटांच्या, शाळा व्यवस्थापन समित्यांच्या, तांड्यांवरील युवकांच्या आणि दिव्यांग संघटनांच्या व्हॉट्सॲप गटांवर पाठवले. फोन पुष्कळ आले. पण पदाविषयी विचारण्याआधी बहुतेकांनी एकच गोष्ट विचारली, ‘मॅडम, ओळख लागत असेल ना?’ अर्ज करण्याची योग्यता असलेली माणसे अर्ज करत नाहीत, याचे कारण त्यांना इच्छा नसते असे नव्हे. ही पदे आपल्यासाठी नसतात, हे त्यांनी अनुभवाने गृहीत धरलेले असते. हे गृहीतक नुसत्या आवाहनाने हलत नाही. प्रत्येकीशी बसून बोलावे लागले, काहींच्या घरच्यांशीही बोलावे लागले.

त्या वेळी कायद्याची मूळ तरतूद लागू होती. मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाच्या कामात किमान सात वर्षे प्रत्यक्ष सहभाग असलेली व्यक्ती, अथवा बालमानसशास्त्र, मनोविकारशास्त्र, कायदा, समाजकार्य, समाजशास्त्र किंवा मानवी विकास यांपैकी विषयाची पदवी घेऊन व्यवसाय करणारी व्यक्ती, अशी ती दुहेरी वाट होती. म्हणजे पदवी नसली तरी सात वर्षांच्या कामावर अर्ज करता येत होता. कायदा करणाऱ्यांनी ही वाट जाणीवपूर्वक मोकळी ठेवली होती, आणि आमचे बहुतेक उमेदवार याच वाटेने येणार होते. अडचण अशी, की सात वर्षे काम करणे वेगळे आणि सात वर्षे काम केल्याचा कागद असणे वेगळे.

आमच्या जिल्ह्यातून दिवाळीनंतर हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती फिटेपर्यंत टोळी सोडता येत नाही, आणि मुले मागे ठेवायला कोणी नसेल तर तीही कारखान्याच्या पट्ट्यात कोपीवर, म्हणजे तोडणी कामगारांच्या झोपडीत, राहायला जातात. अशा मुलांनी गावातच राहून शिकावे म्हणून शाळेत हंगामी वसतिगृह चालते. आमच्या ओळखीच्या एक ताई अशाच वसतिगृहाचे काम वर्षानुवर्षे पाहत होत्या. मुलांना जेवू घालणे, रात्री त्यांच्याजवळ झोपणे, ताप आला तर दवाखान्यात नेणे, आईबापांना फोन लावून देणे, ही सगळी कामे त्यांची. बाल कल्याण समितीवर बसण्यासाठी यापेक्षा थेट अनुभव मला सुचत नाही. पण त्यांच्याजवळ नेमणूकपत्र नव्हते, कारण वसतिगृह शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालत होते आणि त्यांना तोंडी सांगूनच कामावर घेतले होते. मुख्याध्यापक दरम्यान बदलून गेले होते. नव्या मुख्याध्यापकांनी, आपण स्वतः पाहिलेल्या कालावधीपुरतेच प्रमाणपत्र देता येईल असे सांगितले, आणि त्यात त्यांचे चूक नव्हते.

मग आम्ही वसतिगृहाच्या हजेरीवह्या मागितल्या. शाळेच्या कपाटातून त्या निघाल्या, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण आतली पाने शाबूत. प्रत्येक पानावर मुलांची नावे, तारखांचे रकाने आणि समासात बारीक अक्षरात टिपा होत्या: ‘आई घेऊन गेली’, ‘परत आला’, ‘खरूज, मलम दिले’, ‘वडिलांचा फोन, उचल फिटली नाही’. मी विचारले, ‘ताई, यात तुमचं नाव कुठेच नाही.’ त्या म्हणाल्या, ‘नाव कशाला लिहायचं? अक्षर माझंच आहे की.’ शेवटी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात त्या वह्यांच्या प्रती दिल्या, जुन्या मुख्याध्यापकांचे लेखी निवेदन जोडले, व्यवस्थापन समितीच्या ठरावांच्या वहीतून मानधनाच्या नोंदी शोधल्या, आणि त्या सगळ्यांच्या आधारे सलग कालावधीचे प्रमाणपत्र मिळाले. शहरातल्या संस्थेत काम करणाऱ्या उमेदवाराला जो कागद संस्थेच्या शीर्षपत्रावर एका दिवसात मिळतो, तो मिळवण्यासाठी या बाईंना आपल्याच कामाचा पुरावा एखाद्या खटल्यातल्यासारखा उभा करावा लागला. विविधतेची चर्चा आपण निवड समितीच्या टेबलाभोवती करतो. प्रत्यक्षात तिचा निकाल अशा कपाटांपाशी लागून गेलेला असतो, हे मला त्या आठवड्यात पटले आणि नंतरच्या प्रत्येक टप्प्यावर त्याचीच खात्री होत गेली.

बाकीचे कागद त्या मानाने सोपे होते. गुन्हा दाखल नसल्याचे पोलिसांचे प्रमाणपत्र, वयाचा दाखला, स्वयंघोषणापत्र आणि साक्षांकित प्रती, यांसाठी वेळ गेला पण अडले काही नाही.

मुलाखतीची तयारी आम्ही दोन अंगांनी केली. कायद्याची ओळख करून देणे हे माझे काम होते. ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल’ कोणाला म्हणायचे, समितीचे आदेश कोणते, मुदती कोणत्या, अपील कुठे होते, हे मी कलमांच्या क्रमांकांऐवजी प्रसंगांतून सांगितले. दुसरे अंग अधिक महत्त्वाचे ठरले. आपल्या कामाबद्दल बोलताना ‘मी’ म्हणण्याची सवय या उमेदवारांना नव्हती. ‘आम्ही करतो’, ‘होतं आपलं’, असे त्या बोलत. एखादा निर्णय त्यांनी एकटीने, मध्यरात्री, कोणाला न विचारता घेतलेला असला तरी तो सांगताना त्या स्वतःला वाक्यातून वगळून टाकत. मुलाखत घेणाऱ्यापुढे असलेल्या थोड्या मिनिटांत असे बोलणे म्हणजे अनुभव नसल्यासारखे दिसते. निवृत्त केंद्रप्रमुखांनी या तयारीसाठी खूप वेळ दिला, आणि त्यांनी कोणालाही घोकंपट्टी करायला लावली नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

आम्ही भरून घेतलेल्या अर्जांपैकी बहुतेकांची निवड झाली नाही. वसतिगृहाच्या ताईंची झाली. अधिसूचनेत त्यांचे नाव आले तेव्हा त्यांनी मला फोन करून पहिला प्रश्न विचारला तो असा, की आता वसतिगृहात रात्री कोण झोपणार?

समितीचे कामकाज गोपनीय असते आणि कोणत्याही मुलाची ओळख पटेल असे काही मी येथे लिहिणार नाही. एका प्रकरणाचा केवळ गाभा सांगते. अहवालात तेच नेहमीचे वाक्य होते: पालक बेजबाबदार, मूल दरवर्षी शाळेतून बेपत्ता होते, सबब दीर्घ काळासाठी बालगृहात ठेवावे. मी आईच्या बाजूने उपस्थित होते. ताईंनी आईला विचारले, ‘दिवाळीनंतर जाता का? कुणाच्या टोळीत? उचल किती राहिली?’ त्या तीन प्रश्नांत प्रकरण फिरले. मूल बेपत्ता होत नव्हते. हंगाम सुरू झाला की आईबापांबरोबर जात होते आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत येत होते. त्याला बालगृहाची नव्हे, हंगामी वसतिगृहाची आणि हंगाम संपेपर्यंत गावात लक्ष ठेवणाऱ्या एका जबाबदार नातलगाची गरज होती. इतर सदस्यांनी ते लगेच मान्य केले. त्यांच्या सद्भावनेत आधीही कमतरता नव्हती. त्यांना फक्त हे प्रश्न ठाऊक नव्हते. एका सदस्यांनी पुढे प्रत्येक स्थलांतरित कुटुंबाच्या प्रकरणात हेच प्रश्न स्वतः विचारायला सुरुवात केली. निरनिराळ्या ठिकाणांहून आलेली माणसे एकत्र बसण्याचा मला सर्वांत मोठा वाटणारा उपयोग हाच आहे.

निवड होणे हा मात्र अर्धाच रस्ता आहे. कायद्याप्रमाणे समितीने महिन्यातून किमान वीस दिवस बसायचे असते. जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्या सदस्याला हे जमते. तालुक्याच्या टोकाच्या गावातून एसटीने येणाऱ्या बाईला सकाळची गाडी चुकली तर बैठक चुकते, आणि मानधन वेळेवर आले नाही तर प्रवासाचा खर्च घरखर्चातून काढावा लागतो. शेजारच्या जिल्ह्यात आमच्याच प्रयत्नातून निवड झालेल्या एका तरुण सदस्याने याच कारणाने मुदतीआधी राजीनामा दिला. त्याच्या कामाविषयी कोणाचीही तक्रार नव्हती. ज्याला पदरचे पैसे घालणे परवडते तोच टिकेल अशी रचना असली, तर नेमणुकीच्या दिवशी दिसलेली विविधता वर्षभरात आपोआप विरून जाते, आणि मग ‘अशा लोकांना नेमले तरी ते थांबत नाहीत’ असा निष्कर्ष काढणारेही भेटतात. तो निष्कर्ष ऐकून मला आजही राग येतो.

पहिली फेरी संपल्यावर आम्ही माहितीच्या अधिकारात अर्ज केला. एकूण अर्ज किती आले, त्यांत महिला किती, दिव्यांग किती, अनुसूचित जाती-जमाती आणि विमुक्त-भटक्या समाजातील किती, कोणत्या तालुक्यांतून किती आणि छाननीचे निकष कोणते, एवढेच प्रश्न होते. कोणाचेही नाव आम्ही मागितले नव्हते. उत्तर आले की, मागितलेली माहिती अशा संकलित स्वरूपात उपलब्ध नाही. प्रथम अपील केले. सुनावणी घेणारे अधिकारी सौजन्याने बोलले आणि त्यांनी मूळ अर्जाचा नमुनाच पुढे ठेवला. त्यात नाव, पत्ता, वय, शिक्षण आणि अनुभव असे रकाने होते. सामाजिक प्रवर्ग किंवा अपंगत्व विचारणारा रकानाच नव्हता. माहिती दडवलेली नव्हती. ती कधी गोळाच झाली नव्हती. अर्ज कोणाचे येत नाहीत हे मोजण्याची सोयच नसेल, तर शासनाला इच्छा असूनही ते सुधारता येणार नाही.

येथे एक खरी अडचण आहे आणि ती नीट मांडली पाहिजे. असे रकाने अर्जात घातले, तर मुलाखत घेणाऱ्यांना उमेदवाराचा समाज आधीच कळेल आणि त्याचा त्याला तोटाही होऊ शकेल, अशी भीती आमच्याच काही उमेदवारांनी बोलून दाखवली. ती भीती अवाजवी नव्हती. ब्रिटनमध्ये सार्वजनिक जीवनातील आचारनीतीसाठी नेमलेल्या नोलन समितीच्या अहवालानंतर १९९५ साली सार्वजनिक नेमणुकांवर देखरेख करणारे आयुक्तपद निर्माण झाले. तेथे उमेदवारांची अशी माहिती वेगळ्या नमुन्यात घेतात आणि निवड करणाऱ्यांना ती दाखवत नाहीत. हा उपाय आपल्याकडे सहज करता येण्यासारखा आहे. वेगळे पान, अर्जाला न जोडलेले, केवळ आकडेवारीसाठी. आम्ही अपिलाच्या सुनावणीनंतर महिला व बाल विकास विभागाला दिलेल्या पहिल्या निवेदनात हीच सूचना वरच्या क्रमांकावर ठेवली.

आपल्या कायद्यांत विविधतेचा विचार नाही असे कोणी म्हटले तर ते खरे नाही. बालहक्क संरक्षण आयोग अधिनियम, २००५ प्रमाणे राज्य आयोगात अध्यक्ष आणि सहा सदस्य असतात आणि सदस्यांत किमान दोन महिला असाव्या लागतात. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात जिल्ह्याच्या स्थानिक समितीवर अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागास वर्ग किंवा अल्पसंख्याक समाजातील महिला असण्याची तरतूद आहे. लोकपाल व लोकायुक्त अधिनियम, २०१३ तर याही पुढे जातो. लोकपालाच्या सदस्यांपैकी निम्म्याहून कमी नसतील इतके सदस्य अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागास वर्ग, अल्पसंख्याक आणि महिला यांतून असावेत, आणि नावे शोधणाऱ्या शोध समितीलाही तेच प्रमाण लागू असावे, असे तो सांगतो. शोध समितीवरच ही अट घालणारी ही तरतूद मला सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण शोधणारे जिथे वावरतात तिथलीच माणसे त्यांना सापडतात. याउलट माहिती आयोगांचे उदाहरण आहे. माहिती अधिकार कायद्यात आयुक्तांसाठी कायदा, विज्ञान व तंत्रज्ञान, समाजसेवा, व्यवस्थापन, पत्रकारिता, जनसंपर्क माध्यमे आणि प्रशासन अशी कितीतरी क्षेत्रे दिलेली असताना नेमणुका मुख्यतः निवृत्त सनदी अधिकाऱ्यांच्याच होतात, याकडे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मधील निकालात लक्ष वेधले होते, आणि निवडीचे निकष लोकांसमोर असावेत यावर भर दिला होता. आम्ही त्या निकालाचा आधार आमच्या निवेदनात घेतला.

दुसऱ्या फेरीच्या तयारीला लागलो तेव्हा कायदा बदलला होता. २०२१ मध्ये संसदेने बाल न्याय कायद्यात दुरुस्ती केली आणि ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली. बाल कल्याण समितीच्या सदस्यासाठी आता ठरावीक विषयांतील पदवी हवी आणि त्याबरोबर सात वर्षांचा अनुभवही हवा, किंवा त्या विषयांची पदवी घेऊन व्यवसाय करणारी व्यक्ती हवी. निव्वळ अनुभवाची वाट बंद झाली. या दुरुस्तीमागचा हेतू मी समजू शकते. न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार हाती असलेल्या माणसांना पुरेसे शिक्षण असावे, त्यांच्या पूर्वेतिहासाची तपासणी व्हावी आणि बालगृह चालवणाऱ्या संस्थेच्या व्यवस्थापनातील माणूस समितीवर नसावा, या अपेक्षा रास्त आहेत, आणि शेवटच्या दोन गोष्टी तर कायद्यात आल्या हे फार चांगले झाले. परंतु पदवीच्या अटीने नेमके कोण बाहेर पडले, हे मी माझ्या टेबलावर पाहिले. पुढच्या फेरीसाठी आम्ही ज्यांची नावे काढून ठेवली होती, त्यांतल्या दोघी-तिघी वसतिगृहाच्या ताईंसारख्याच होत्या. अंगणवाडीत आयुष्य घालवलेल्या, बालविवाह रोखताना गावाचा रोष पत्करलेल्या. त्यांना ‘तुमचा अर्ज आता पात्र ठरत नाही’ असे सांगण्याचे काम माझ्याकडे आले. एकीने शांतपणे विचारले, ‘म्हणजे आमचं काम कमी झालं का?’ मी तिला कायदा समजावून सांगितला. तिच्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही.

त्याच दुरुस्तीने दुसरीकडे एक दार उघडलेही. पदवीच्या विषयांत शिक्षणशास्त्र आणि दिव्यांग मुलांचे विशेष शिक्षण यांची भर पडली. त्यामुळे आम्ही वेगळ्या दिशेने शोध सुरू केला. तांड्यावरची पहिली पदवीधर मुलगी जी आता चाळिशीला आलेली शिक्षिका होती, मुक्त विद्यापीठातून समाजशास्त्राची पदवी घेतलेला पारधी वस्तीवरचा कार्यकर्ता, आणि विशेष शिक्षणाची पदवी घेऊन मूकबधिर व अंध मुलांबरोबर वर्षानुवर्षे काम केलेल्या एक दृष्टिहीन बाई, असे उमेदवार मिळाले. यापैकी शेवटच्या उमेदवाराच्या बाबतीत अर्जाचा नमुनाच आडवा आला. संकेतस्थळावर चढवलेली फाइल ही कागदाचे छायाचित्र होती. त्यांच्या फोनमधील वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर ती उघडल्यावर गप्प राहत होते. आम्ही तो नमुना अक्षरशः टाइप करून त्यांना पाठवला, त्यांनी तो स्वतः भरला, आणि संबंधित कार्यालयात तो ‘विहित नमुन्यात नाही’ म्हणून आधी नाकारला गेला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील सुलभतेच्या तरतुदी दाखवून लेखी विनंती केल्यावर त्याची पोच मिळाली. त्या मला म्हणाल्या, ‘अहो, दिव्यांग मुलांचे निर्णय घेणाऱ्या समितीचा हा अर्ज आहे ना?’ मुलाखतीला त्या एकट्या गेल्या, उत्तम बोलल्या, आणि त्यांचे नाव प्रतीक्षा यादीत आले. तांड्यावरच्या शिक्षिकेची निवड झाली. पारधी वस्तीवरच्या कार्यकर्त्याची झाली नाही. छाननीत त्याचे काही महिन्यांचे काम मोजणीत धरले गेले नाही, कारण त्या काळातले प्रमाणपत्र देणारी संस्था बंद पडली होती.

या सगळ्या खटाटोपात आम्हाला अनेकांनी विचारले, की याऐवजी सरळ राखीव जागा का मागत नाही? त्या मागणीला मी विरोध करणार नाही. नॉर्वेने १९८१ मध्ये सरकारी समित्यांवर स्त्री-पुरुष दोघेही असावेत अशी तरतूद केली आणि १९८८ मध्ये किमान ४० टक्क्यांचे प्रमाण ठरवून दिले. संख्येची अट असली की शोध घेणे भाग पडते, हे खरेच आहे. पण आपल्याकडे किमान एक महिलेची अट असूनही ती एक महिला बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणचीच निघते, हेही मी पाहिले आहे. संख्येची अट शेवटच्या पायरीवर काम करते. तिच्याआधीच्या पायऱ्या, म्हणजे जाहिरात, पात्रतेचा पुरावा, अर्जाचा नमुना आणि प्रवासाचा खर्च, तशाच राहिल्या तर अट पूर्ण होते आणि माणसे तीच राहतात. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक आयोगांवरील नेमणुकांबाबत दिलेला निकाल मला या दृष्टीने महत्त्वाचा वाटतो. त्यात न्यायालयाने अनुभवाची अट दहा वर्षांपर्यंत खाली आणली आणि केवळ मुलाखतीवर न सोडता लेखी परीक्षा घेण्याचे निर्देश दिले. ओळख नसलेल्या उमेदवाराला लेखी परीक्षा हा मोठा आधार असतो. बाल कल्याण समितीसाठी मात्र मी तशीच परीक्षा मागणार नाही, कारण हजेरीवहीच्या समासात लिहिलेले ज्ञान त्या प्रकारच्या उत्तरपत्रिकेत मावणार नाही. प्रसंग देऊन उमेदवार काय करेल हे विचारणारी, सर्वांना समान प्रश्न आणि ठरवून दिलेले गुण असलेली मुलाखत अधिक उपयोगी पडेल.

तशी मागणी आम्ही दुसऱ्या निवेदनात केली आहे. त्याचबरोबर, जाहिरात पंचायत समिती, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि अंगणवाडी यांच्या सूचनाफलकांवर लावावी, मुदत किमान महिनाभराची असावी, अर्ज वाचक सॉफ्टवेअरला वाचता येईल अशा स्वरूपात असावा, असंघटित किंवा मानधनी कामाच्या अनुभवासाठी हजेरीपट, ठराव आणि गटस्तरीय अधिकाऱ्याचा दाखला ग्राह्य धरावा, आणि बाहेरगावच्या सदस्यांचा प्रवासखर्च मानधनाची वाट न पाहता दर महिन्याला द्यावा, असेही त्यात लिहिले आहे. पदवीची अट बदलणे राज्याच्या हातात नाही. त्यासाठी खासदारांना वेगळे निवेदन दिले असून, अनुभवी पण पदवी नसलेल्या एका सदस्याची सोय पाच जणांच्या समितीत असावी, एवढीच मागणी त्यात केली आहे.

विभागाकडून आलेल्या उत्तरात अर्जाचा नमुना सुलभ स्वरूपात देण्याची आणि जाहिरात तालुका कार्यालयांत लावण्याची सूचना मान्य झाल्याचे कळवले आहे. आकडेवारीच्या वेगळ्या पानाचा विषय ‘विचाराधीन’ आहे, आणि प्रवासखर्चाबाबत वित्त विभागाकडे विचारणा केली असल्याचे नमूद आहे. अनुभवाच्या पुराव्याबाबत उत्तरात एकही ओळ नाही. त्यासाठी आम्ही पुन्हा लिहिले आहे, आणि सोबत हजेरीवहीच्या चार पानांच्या प्रती, मुलांची नावे झाकून, जोडल्या आहेत.